ग्रंथनिवड आणि समतोल

महाविद्यालयीन ग्रंथालयांत सर्व राजकीय मतांस सारखी जागा असावी, हें म्हणणें ऐकावयास गोड असतें. पण सारखी म्हणजे किती, हें सांगण्याची वेळ आली कीं बहुतेक लेखक मोघम बोलूं लागतात. लेस्टर आशाइम या अमेरिकन पंडितांचा ‘नॉट सेन्सॉरशिप बट सिलेक्शन’ हा १९५३ सालचा निबंध या मोघमपणापासून बराचसा मुक्त आहे. म्हणूनच त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

त्या वर्षीं सेनेटर मॅकार्थी यांच्या धाकानें अमेरिकन सरकारच्या परदेशांतील ग्रंथालयांतून पुस्तकें काढलीं जात होतीं. अशा वेळीं आशाइम यांनीं दाखविलेला भेद असा : निवड करणारा पुस्तक ठेवण्याचीं कारणें शोधतो, बंदी घालणारा तें टाळण्याचीं, एक संपूर्ण ग्रंथ पाहतो, दुसरा सुटीं वाक्यें. भेद मार्मिक खरा. पण तो सारा ग्रंथपालाच्या अंतःकरणांत राहतो. न घेतलेल्या पुस्तकाचा फळीवर मागमूसहि उरत नाहीं; मग वाचकानें पडताळा पाहावा कसा?

पुणें कराराचेंच उदाहरण घ्या. विद्यार्थ्यास प्यारेलाल यांचें १९३२ चें ‘दि एपिक फास्ट’ मिळालें, आणि काँग्रेस व गांधी यांनीं अस्पृश्यांसाठीं काय केलें याची झाडाझडती घेणारा डॉ. आंबेडकरांचा १९४५ चा ग्रंथ मिळाला नाहीं, तर गांधीजींचें उपोषण त्याला कळेल. त्या उपोषणाच्या दडपणाखालीं ज्यांस स्वतंत्र मतदारसंघ सोडावा लागला त्यांची बाजू कळणार नाहीं. येथें पुस्तकें मोजून भागत नाहीं. गांधीविषयक वाङ्मय फळ्याच्या फळ्या भरील; त्यांतलीं निम्मीं पुस्तकें काढून तोल साधूं म्हणणें हा वाण्याचा तराजू झाला. ज्याच्यावांचून प्रश्न अर्धा राहतो तो ग्रंथ हवा, मग तो एकच कां असेना. फुकट आलेल्या पक्षीय पुस्तिकांनीं जें कपाट भरतें, त्याला तर निवड म्हणूंच नये.

रंगनाथन यांच्या १९३१ च्या पांच नियमांपैकीं दुसरा आम्हांस येथें अधिक उपयोगी वाटतो : प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक. आशाइम ग्रंथपालाची मनोवृत्ति पाहतात. हा नियम वाचक रिकाम्या हातीं परतला काय, एवढेंच विचारतो, आणि त्याचें उत्तर बाहेरच्या माणसासहि तपासतां येतें. वाचकांनीं मागितलेल्या व नाकारल्या गेलेल्या पुस्तकांची वही प्रत्येक महाविद्यालयानें कारणांसह उघडी ठेवावी. खर्च एका वहीचा आहे. अडचण आहे ती कारण लिहून खालीं सही करण्याची.