विरामाची जागा : पडद्यावरील वाचन आणि मराठी कवितेची ओळ

डिजिटल माध्यमांमुळे वाचन घटले की वाढले, या एकाच प्रश्नाभोवती आपल्याकडील बहुतेक चर्चा फिरत राहिली आहे. ग्रंथालयांना आणि प्रकाशकांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटावा हे स्वाभाविक आहे. समीक्षेच्या हाती मात्र त्यातून फारसे काही लागत नाही. वाचक किती वाचतो यापेक्षा तो वाचताना कोठे थांबतो आणि ते थांबणे कोण ठरवते, हा प्रश्न साहित्यकृतीच्या रूपाशी अधिक निकटचा आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः मराठी कवितेच्या संदर्भात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

निमित्त वर्गातले आहे. पदव्युत्तर वर्गात एका मुक्तछंदातील कवितेची चर्चा चालू असता एका विद्यार्थिनीने सातव्या ओळीतील एका शब्दाकडे लक्ष वेधले. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला तोच शब्द दहाव्या ओळीत सापडला. तिच्यासमोर छापील संग्रह होता, त्याच्या हातात मोबाइल. त्याच्या पडद्यावर तो शब्द ओळीच्या आरंभी एकटा पडला होता, आणि त्या एकटेपणावरच त्याने आपले विवेचन उभारले होते. विवेचन वाईट नव्हते. अडचण एवढीच होती की ज्या रचनाविशेषाचे ते विवेचन होते तो कवीने योजलेला नव्हता. पडद्याच्या रुंदीने तो घडवला होता.

ही केवळ तांत्रिक गैरसोय मानून सोडून देता येत नाही. ओळ हे कवितेचे घटकतत्त्व असेल, तर ओळ मोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हा काव्यशास्त्राचाच प्रश्न ठरतो.

येथे मराठी संहितेच्या पूर्वेतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. हस्तलिखित पोथीत ओळ ही लेखनाची सोय होती. शब्द सलग लिहिले जात, पान संपले की मजकूर पुढच्या पानावर सरके, आणि खुणेपुरते दंड असत. तरीही ओवी वाचताना वाचक चुकत नसे, कारण विराम लिपीत नव्हता, छंदात होता. मोठ्या अभंगाचे 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे चरण आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक कानाला थांबा दाखवत. ग्रंथगत ओवीत अक्षरसंख्या सैल असली तरी तीन चरणांच्या अंती येणारे यमक आणि आखूड चौथा चरण तेच काम करतात. अशी रचना कितीही अरुंद पडद्यावर आली आणि कोठेही तुटली, तरी तिचे फारसे बिघडत नाही. मोबाइलवर हरिपाठ वाचणाऱ्या वृद्ध वाचकाने अक्षरे हवी तेवढी मोठी केली, तरी त्याचा हरिपाठ अबाधित राहतो. किंबहुना छापील गुटक्यापेक्षा त्याची सोयच अधिक होते.

मुद्रणाने हा विराम हळूहळू कानाकडून डोळ्याकडे नेला. 19व्या शतकात मराठीत विरामचिन्हे रूढ झाली; त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता. कवितेत या स्थित्यंतराचा परिणाम दिसण्यास आणखी अवधी लागला. अनिलांच्या ‘भग्नमूर्ती’त (1940) ओळींची लांबी मोकळी झाली, तरी त्या मुक्तछंदाला लयीचे एक अंतर्गत माप होते. साठोत्तरी लघुनियतकालिकांतील बऱ्याचशा कवितेने तेही माप सोडले. तिचा विराम आता पूर्णतः पानावरच्या पांढऱ्या जागेत राहू लागला. अरुण कोलटकर हे व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील आरेखनकार होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील तपशील म्हणून सांगितली जाते. ती त्यांच्या कवितेच्या वाचनाचीही अट मानावयास हवी. मुद्रणाशी कवितेने केलेला हा करार होता, आणि तो पान स्थिर आहे या गृहीतावर झाला होता.

मोबाइलवरील मजकुराने हे गृहीत मोडले. पडद्याच्या मापाने प्रवाही होणाऱ्या मजकुरात कवीची ओळ आणि यंत्राची ओळ सारखीच दिसते. एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवताना मधल्या रिकाम्या ओळी गळतात किंवा नव्या शिरतात. उलट, साधे सुविचारात्मक गद्य आखूड तुकड्यांत मोडले की ते ‘कविता’ म्हणून फिरू लागते. (ते बहुधा एखाद्या दिवंगत लोकप्रिय लेखकाच्या नावावर फिरते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) दृश्य ओळ हीच कवितेची एकमेव खूण उरल्याचा हा दुहेरी परिणाम आहे. छापील पानाचे छायाचित्र पाठवले तर रचना शाबूत राहते, हे खरे. पण ते बोटांनी मोठे करून डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते, आणि पूर्ण ओळ एका दृष्टिक्षेपात येत नाही.

वॉल्टर ऑंग यांनी 1982 साली मांडलेल्या दुय्यम मौखिकतेच्या संकल्पनेचा आधार घेऊन, डिजिटल वाचन म्हणजे मौखिक परंपरेकडे परतणे होय, असे अनेकदा सुचवले जाते. मला ते पटत नाही. ऑंग यांचे विवेचन दूरध्वनी, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांवर, म्हणजे ऐकू येणाऱ्या शब्दावर आधारलेले होते. मोबाइलवर फिरणारी कविता बहुतांशी मुकाट्याने वाचली जाते. कीर्तनात ध्रुपद पुन्हा येते, टाळकरी चरण उचलून धरतात. विराम तेथे समूहाचा असतो. फिरत्या कवितेला पानाचा आधार राहिलेला नाही आणि गळ्याचा मिळालेला नाही.

हीच गोष्ट प्रेक्षणाच्या बाबतीतही दिसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटात दृश्यातील कार्य संपल्यावरही कॅमेरा स्थिर राहतो. न्यायालयाच्या रिकाम्या होत गेलेल्या दालनातील दिवे मालवले जातात तेव्हा प्रेक्षकाला अंधारात बसवून ठेवले जाते, आणि न्यायप्रक्रियेच्या संथपणाचा अनुभव त्याला त्या बसण्यातूनच येतो. दीडपट गतीने पाहणाऱ्याला कथानक पूर्ण कळते. संवादही निसटत नाहीत. त्याने सोडलेला भाग ‘काही न घडण्याचा’ असतो. मुक्तछंदातील पांढरी जागा आणि हा स्थिर कॅमेरा यांची स्थिती सारखी आहे. माहितीच्या दृष्टीने दोन्ही रिक्त असल्याने त्या प्रथम गाळल्या जातात.

वाचकाला गती ठरवण्याचा अधिकार पूर्वीही होता, असा आक्षेप येथे घेता येईल. कादंबरीची पाने आपण सर्वांनीच उलटलेली आहेत. मीही निसर्गवर्णने गाळली आहेत. परंतु पाने उलटणाऱ्याला आपण काही गाळले हे ठाऊक असे आणि गाळलेले पान जागेवर असे. पडद्यावर ओळ बदललेल्या वाचकाला ती बदलली असल्याची जाणीवच नसते. म्हणूनच मला त्या विद्यार्थ्याला दोष देता आला नाही.

त्या दिवसापासून कविता शिकवताना मी ती आधी छापील संग्रहावरून फळ्यावर उतरवून घेतो. त्यात वेळ जातो, आणि अभ्यासक्रम मागे पडतो. गेल्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेतील कवितेचा उतारा टंकलेखनात कागदाच्या रुंदीप्रमाणे सलग छापला गेला होता. कवितेच्या रचनेची वैशिष्ट्ये सांगा, असा त्याखाली प्रश्न होता. एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत तो उतारा प्रथम आठवणीने ओळी पाडून पुन्हा लिहिला होता आणि मग उत्तर सुरू केले होते.