नाममुद्रा ००७

जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नाममुद्रेने नेहमीच घाम फोडला आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या, तुकोबांच्या नावावर कितीतरी अभंग नंतरच्यांनी घातले. आपण त्यांना क्षेपक म्हणतो आणि बाजूला काढतो. पण घालणाऱ्याच्या मनात दर वेळी लबाडीच होती, असे म्हणवत नाही. या मुद्रेखाली बोललो तरच आपले बोलणे खरे वाटेल, अशीही भावना त्यामागे असू शकते. २००८ साली निघालेल्या 'डेव्हिल मे केअर' या जेम्स बाँडच्या कादंबरीचे मुखपृष्ठ पाहताना मला हे क्षेपक आठवले. त्यावर छापले होते, की सेबॅस्टियन फॉक्स हा लेखक इयन फ्लेमिंग म्हणून लिहीत आहे. फ्लेमिंगला जाऊन तेव्हा ४३ वर्षे उलटली होती.

लेखक गेल्यावर त्याची मालिका दुसऱ्याने चालवावी का, हा प्रश्न 'सगळा धंदा आहे' एवढ्या उत्तराने मिटवता येतो. मीही बरीच वर्षे तो तसाच मिटवला होता. फ्लेमिंगनंतरचे बाँड ओळीने वाचल्यावर मात्र ते उत्तर अपुरे वाटू लागले. धंदा सर्वांचाच सारखा असताना काही पुस्तके जिवंत आणि काही निर्जीव का, हे त्यातून कळत नाही. त्याचे कारण मला मूळ मालिकेतच सापडले.

फ्लेमिंगची 'कसिनो रोयाल' १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दर हिवाळ्यात जमेकातल्या 'गोल्डनआय' या आपल्या घरी बसून बाँडचे नवे पुस्तक लिही. मरणोत्तर निघालेली दोन धरून १२ कादंबऱ्या आणि २ कथासंग्रह झाले. चित्रपटांमुळे आपल्या डोळ्यांसमोर जो बाँड आहे, त्याच्या कोटाची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. पुस्तकांतला बाँड निराळा आहे. पहिल्याच कादंबरीत व्हेस्पर त्याला फसवते आणि स्वतःचा जीव देते. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'च्या (१९५७) शेवटी तो विष भिनून कोसळतो. पुढच्या 'डॉक्टर नो'च्या आरंभी तो दुखण्यातून नुकता उठलेला असतो आणि त्याचे लाडके बेरेटा पिस्तूल काढून घेतले जाते. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये (१९६३) लग्नाच्याच दिवशी त्याची बायको ट्रेसी मारली जाते. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'च्या (१९६४) अखेरीस स्मृती गेलेला बाँड जपानातल्या एका बेटावर कोळ्यांमध्ये राहतो. 'द मॅन विथ द गोल्डन गन'च्या (१९६५) आरंभी रशियनांनी बुद्धी फिरवलेला हाच माणूस आपला वरिष्ठ 'एम' याला मारायला त्याच्या कचेरीत येतो.

साचा प्रत्येक पुस्तकात जवळपास तोच आहे : एमच्या कचेरीतली भेट, पत्त्यांचा डाव, खलनायकाच्या घरचे जेवण, मग छळ आणि सुटका. पुनरावृत्तीचा आनंद खोटा नसतो. रोजची आरती म्हणताना कोणी कंटाळत नाही. पण या ठरलेल्या चालीखाली एका माणसाची झीज नोंदली जात असते. मागच्या पुस्तकातला घाव पुढच्या पुस्तकात दुखतो. वारसाने यातले काय उचलले, चाल की झीज, या एका प्रश्नावर मला पुढची सगळी पुस्तके तपासता आली.

वारसांची कथा सुरू होते एका साखरेच्या कंपनीपासून. बाँडचे हक्क 'ग्लिडरोज' या फ्लेमिंगच्या कंपनीकडे होते. तिचा ५१ टक्के हिस्सा त्याने १९६४ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, बुकर या कंपनीला विकला. ब्रिटिश गियानातल्या उसावर वाढलेली ही कंपनी लेखकांचे हक्क विकत घेऊ लागली होती. तिनेच पुढे १९६९ पासून कादंबरीला पारितोषिक द्यायला सुरुवात केली. बाँडचा पहिला वारस किंग्जली एमिस याला ते बुकर १९८६ साली 'द ओल्ड डेव्हिल्स'साठी मिळाले. आपण ज्याला अभिजात म्हणतो आणि ज्याला फुटपाथवरचे म्हणतो, ते एकाच पेढीच्या वहीत नोंदलेले होते.

एमिसने आधी १९६५ साली 'द जेम्स बाँड डॉसिए' हा बाँडचा अभ्यास लिहिला. खऱ्या वस्तूंची, ठिकाणांची, व्यवहारांची बिनचूक माहिती देत देत फ्लेमिंग अचाट गोष्ट पचवायला लावतो, हे त्याने त्यात दाखवले आणि त्याला 'फ्लेमिंग परिणाम' असे नाव दिले. रॉयटरसाठी १९३३ साली मॉस्कोतून बातम्या पाठवलेल्या माणसाची ती वार्ताहराची सवय होती. मग १९६८ साली एमिसने रॉबर्ट मार्कम या टोपणनावाने 'कर्नल सन' ही कादंबरी लिहिली. फ्लेमिंगची पत्नी अ‍ॅन हिचा या कल्पनेलाच विरोध होता. तिने पुस्तकावर लिहिलेले परीक्षण त्या वेळी छापलेच गेले नाही.

अ‍ॅनचा राग समजण्यासारखा आहे, तरी 'कर्नल सन' मला खऱ्या अर्थाने पुढची कादंबरी वाटते. फ्लेमिंगकडे एम हा नेहमी टेबलापलीकडे बसलेला, हुकूम देणारा. एमिस या एमलाच त्याच्या घरातून पळवतो आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या नवराबायकोचा खून पडतो. पाठवणाराच नाहीसा झाल्यावर पाठवलेल्याने काय करायचे? काही काळापूर्वी बाँड याच माणसाला मारायला गेला होता, हे आठवले की त्याच्या शोधाला निराळे वजन येते. पुढे ग्रीसमध्ये तो एका सोव्हिएत हेर स्त्रीबरोबर काम करतो. जुना शत्रू सोबती होतो, कारण जग सरकलेले आहे. एमिसचे वाक्य फ्लेमिंगइतके चपळ नाही, राजकारणावरचे संवाद मधूनच रेंगाळतात. पण झीज त्याने ओळखली होती.

जॉन गार्डनरनेही सुरुवात जाणतेपणाने केली. १९६४ साली 'द लिक्विडेटर'मध्ये त्याने भित्रा हेर रंगवून बाँडची टर उडवली होती. त्याच्याकडेच १९८१ साली बाँड आला. 'लायसन्स रिन्यूड'मध्ये शून्य-शून्य विभाग बंद पडला आहे, बाँडच्या केसांत पांढरे दिसू लागले आहे. वाचकाला वाटते, आता म्हातारपणाची गोष्ट येणार. ती येत नाही. १९९६ पर्यंत गार्डनरने १४ स्वतंत्र कादंबऱ्या लिहिल्या, म्हणजे फ्लेमिंगपेक्षा दोन जास्त, आणि पांढरे केस तो हळूच विसरला. 'मूनरेकर'मध्ये (१९५५) सदतिशीत असलेला माणूस १९९६ साली ७८ वर्षांचा व्हायला हवा. वय थांबवायला माझी हरकत नाही. ते मोजायला सुरुवात करून मग मोजणी सोडून देणे, ही खरी चूक. नंतरच्या रेमंड बेन्सनने १९८४ सालीच बाँडविषयी जाडजूड संदर्भग्रंथ लिहिला होता. त्याच्या सहा कादंबऱ्यांत हे ज्ञान पानोपानी दिसते, आणि बहुधा म्हणूनच त्या टाचणांसारख्या वाटतात.

२००८ नंतर हक्कदारांनी नामवंतांना बोलावले. फॉक्स बाँडला १९६७ साली इराणात नेतो. वाक्ये फ्लेमिंगच्या वळणाची आहेत, पण नक्कल जितकी हुबेहूब, तितके तिच्यामागे कोणी नाही हे जाणवते. जेफ्री डीव्हरने २०११ साली 'कार्ट ब्लांश'मध्ये नवाच बाँड घडवला. हा अफगाणिस्तानात लढलेला, हातात मोबाइल असलेला तरुण आहे. त्याच्यामागे व्हेस्पर नाही, ट्रेसी नाही. नाव तेच, घाव नाहीत.

विल्यम बॉइडने उलट 'मूनरेकर'मधला एक नियम उचलला : शून्य-शून्य हेराने ४५व्या वर्षी त्या यादीतून बाहेर पडायचे. 'सोलो' (२०१३) सुरू होते १९६९ साली, बाँडच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, युद्धाचे स्वप्न पाहून जागा होताना. तिथून तो एका कल्पित आफ्रिकी देशातल्या यादवीत जातो. तिच्यामागे बियाफ्राची छाया उघड आहे, आणि बॉइडचे बालपण घाना-नायजेरियात गेलेले आहे. २०२३ साली हक्कदार कंपनीने फ्लेमिंगच्या पुस्तकांतले काही वर्णद्वेषी शब्द काढून नव्या आवृत्त्या काढल्या. मला तो उपाय तोकडा वाटतो. 'लिव्ह अँड लेट डाय'ला खरे उत्तर 'सोलो'सारखी कादंबरी देते. शब्द खोडून माणसाची नजर बदलत नाही. त्याला उपाशी मुलांसमोर उभे केले, तर बदलण्याची शक्यता तरी असते.

अँथनी होरोविट्झच्या तीन कादंबऱ्यांत कारागिरी सर्वांत सफाईची. 'ट्रिगर मॉर्टिस' (२०१५) 'गोल्डफिंगर' संपते तिथून दोन आठवड्यांनी सुरू होते, आणि पुसी गलोर बाँडच्या लंडनच्या घरात राहते आहे. शेवटच्या पानावर मिठीत आलेली स्त्री पुढच्या पुस्तकात कुठे जाते, हा साधा प्रश्न फ्लेमिंगने टाळला होता. 'विथ अ माइंड टू किल' (२०२२) तर बुद्धी फिरवल्याच्या त्या घटनेवरच उभी आहे. किम शेरवूड त्याच्याही पुढे जाते. २०२२च्या 'डबल ऑर नथिंग'मध्ये बाँडच बेपत्ता आहे आणि इतर शून्य-शून्य हेर, स्त्रियाही, कथा चालवतात. याला विश्वासघात म्हणणाऱ्यांनी फ्लेमिंगचीच 'द स्पाय हू लव्हड मी' (१९६२) आठवावी. ती एक तरुणी सांगते आणि बाँड बऱ्याच उशिरा उगवतो. फ्लेमिंगला तो प्रयोग नंतर नकोसा झाला. मूळ लेखकाने सोडलेली वाट वारसाने पुन्हा धरली, तर तिला क्षेपक म्हणणे कठीण आहे. शेरवूडची पात्रे संख्येने जास्त आणि म्हणून काही वेळा पुसट वाटतात, हा दोष निराळा.

ही वाट आता मुंबईलाही लागली आहे. दहा वर्षे मुंबईत नोकरी केलेल्या आणि याच शहरावर रहस्यकथा लिहिलेल्या वसीम खान या ब्रिटिश लेखकाची 'क्वांटम ऑफ मेनेस' २०२५ साली आली. नायक आहे हेरखात्यातून काढून टाकलेला क्यू.

आपल्यापुरती त्याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क चालतो. फ्लेमिंगने हयातीत छापलेली पुस्तके त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून इथे सर्वांची झाली. मरणोत्तर पुस्तकांचा, चित्रपटांचा आणि व्यापारचिन्हांचा हिशेब वेगळा. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची आहे. कॅनडात ती ५० होती, तेव्हा २०१५ साली तिथे 'लायसन्स एक्स्पायर्ड' नावाचा विनापरवाना बाँडकथांचा संग्रह निघाला. आपल्या उपखंडाला ही परंपरा नवी नाही. इब्ने सफींचा इम्रान त्यांच्यामागे मजहर कलीम यांनी आणि इतर अनेकांनी शेकडो पुस्तकांत चालवला.

उद्या एखाद्या मराठी लेखकाने बाँड हाती घेतला, तर परवान्याचा प्रश्न वकील पाहतील. समीक्षकाने आपला प्रश्न विचारावा : मागच्या पुस्तकांत या माणसाचे जे गेले, ते तुमच्या पुस्तकात आठवले जाते का, आणि तुमच्या शेवटच्या पानावर त्याचे आणखी काही जाते का? हीच कसोटी मी आमच्या गाथांतल्या क्षेपकांनाही लावून पाहिली. मुद्रा उसनी असूनही ज्यात स्वतःची तळमळ आहे, असे अभंग पाठभेदाच्या यादीत टाकताना माझा हात आता थोडा थांबतो.