भट्ट्यांचे तक्ते आणि भट्टीतले विज्ञान

बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान पुस्तकाच्या पहिल्या भागात 'धातुविज्ञान' हे प्रकरण आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना आणि ॲल्युमिनापासून विद्युत अपघटनाने ॲल्युमिनियम, हा प्रवास त्यात व्यवस्थित दिला आहे. क्रायोलाइट कशासाठी मिसळायचे, तेही कारणासह सांगितले आहे. ही जमेची बाजू. मात्र घटाच्या तळाशी धातू जमला की ॲल्युमिनियम मिळवण्याची गोष्ट संपते. आमची तक्रार तिथून सुरू होते.

सोलापूरच्या भवानी पेठेतला एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणू या. पेठ यंत्रमागांची. मागाच्या बीमच्या दोन टोकांना बसवलेल्या चकत्या, घरातला कुकर, स्कूटरच्या इंजिनाचे कवच, असे ॲल्युमिनियम या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. वस्तू निकामी झाली की ती भंगारात जाते आणि तिथून कुठल्या तरी भट्टीत. बॉक्साइट त्यांनी पाहिलेले नसते. भंगार पाहिलेले असते. विद्युतघटातून १ किलो ॲल्युमिनियम मिळवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. तेच १ किलो भंगार वितळवायला धातूला प्रत्यक्षात हवी असते सुमारे ०.३ युनिटइतकी उष्णता. ही एक तुलना वर्गात मांडली तरी पुनर्वापराचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

पुढे आयटीआयला किंवा पदविकेला गेलेल्या विद्यार्थ्याला भट्ट्या भेटतात त्या बहुधा तक्त्यात. मुशीची भट्टी, परावर्तनी भट्टी, फिरती भट्टी, प्रवर्तन भट्टी. समोर इंधन, क्षमता, फायदे, तोटे. असा तक्ता पाठ होतो, पण 'असे का?' हा प्रश्न त्यातून उभा राहत नाही. खरे तर या प्रश्नाची उत्तरे शोधायला लागणारे बरेचसे विज्ञान दहावीच्या त्याच पुस्तकात इतर प्रकरणांत विखुरलेले आहे.

पहिला प्रश्न उष्णतेचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. मग १ किलो वितळवायला जास्त उष्णता कशाला लागेल? बहुतेक विद्यार्थी तांबे म्हणतील. आता हिशेब करू. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्माधारकता किलोमागे दर अंशाला सुमारे ०.९ किलोज्यूल आणि वितळण्याची अप्रकट उष्मा ३९७ किलोज्यूल. तांब्यासाठी हेच आकडे ०.३८५ आणि २०५. ३० अंशांपासून सुरुवात केली तर ॲल्युमिनियमला सुमारे ९६५ किलोज्यूल लागतात, तांब्याला सुमारे ६१०. तापमान वाढते तशी उष्माधारकताही थोडी वाढते, म्हणून खरे आकडे याहून जरा मोठे आहेत; निष्कर्ष तोच राहतो. तापमान आणि उष्णता यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण कोणते?

दुसरा प्रश्न, ही उष्णता धातूपर्यंत पोचते कशी? मुशीच्या भट्टीत ज्योत बाहेर आणि धातू आत. उष्णता मुशीच्या भिंतीतून वहनाने जाते. थोडा माल, वेगवेगळे मिश्रधातू यांसाठी ती सोयीची; पण बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. परावर्तनी भट्टीत ज्योत धातूच्या वर असते आणि तापलेले छत प्रारणाने उष्णता खाली देते. एका वेळी टनावारी माल निघतो, मात्र ज्वलनवायू धातूला भिडतात. प्रवर्तन भट्टीत ज्योतच नसते. तांब्याच्या वेटोळ्यातील प्रत्यावर्ती धारेमुळे धातूमध्येच विद्युतधारा निर्माण होते आणि धातू आतूनच तापतो. दहावीला शिकवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

तिसरा प्रश्न तक्त्यात क्वचितच येतो. भट्टीत धातूचे काय बिघडते? वितळलेल्या ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडची साय धरते. पातळ पत्रे आणि कीस यांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्यांची घट जास्त. अस्वच्छ भंगार फिरत्या भट्टीत क्षारांच्या आवरणाखाली वितळवतात ते याचसाठी. पाण्याच्या वाफेशी क्रिया होऊन सुटलेला हायड्रोजन द्रवात विरघळतो. धातू गोठताना त्याची विद्राव्यता सुमारे वीस पटींनी घटते आणि वायू अडकून ओतीव वस्तूत सूक्ष्म छिद्रे राहतात. इंधन जळताना वाफ तयार होतेच, हे लक्षात घेतले की ज्योतीची जागा इतकी महत्त्वाची का, ते कळते.

हे केवळ गुणांपुरते नाही. ओले भंगार किंवा आत पाणी अडकलेली बंद नळी वितळलेल्या धातूत बुडाली, तर पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान हजार पटींहून अधिक वाढते आणि तप्त धातू कामगाराच्या अंगावर उडतो. भंगार आधी वाळवून, तापवून का घ्यायचे, हे तक्ता सांगत नाही. आपल्या वर्गातली काही मुले उद्या याच भट्ट्यांसमोर उभी राहणार आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रकरणात आणखी एक तक्ता नको. 'भंगारापासून वस्तूपर्यंत' अशी दोन पाने हवीत आणि त्यांत वरचे तीन प्रश्न यावेत. ती येईपर्यंत शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर करून घ्यावा. भट्टी पेटवण्याची गरज नाही. खडू आणि एक तास पुरेसा आहे.