बंदी आणि 'मी'

बंदी आलेले पुस्तक हाती घेतले की वाचक प्रथम बंदीचे कारण शोधू लागतो आणि पुस्तक बाजूस राहते. वेइ हुइ या चिनी लेखिकेच्या 'शांघाय बेबी'ची गत तीच झाली. १९९९ साली कादंबरी निघाली; अधःपतित आणि परकीय संस्कृतीची गुलाम असा ठपका ठेवून २००० साली तिच्यावर बंदी आली, प्रती जाळण्यात आल्या. चोरट्या आवृत्त्या मात्र भरपूर खपल्या. आयुष्यभर सरकारी टिपणे लिहिलेल्या आमच्यासारख्यांना असल्या ठपक्यांची घडण ठाऊक असते : त्यांत विशेषणे असतात, पृष्ठक्रमांक नसतात.

आम्ही ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली. निवेदिका कोको तरुण लेखिका आहे. नपुंसक प्रियकर आणि विवाहित जर्मन पुरुष यांच्यामध्ये ती दुभंगली आहे. कादंबरीतील धीटपणापेक्षा नटवेपणाच आम्हांस अधिक खटकला. प्रकरणाच्या माथ्यावर पाश्चात्त्यांची अवतरणे, पानोपानी परदेशी मालाची नावे! कोकोचे दुःखही आरशासमोर उभे राहिल्यासारखे वाटते.

म्येन म्येन यांची 'कँडी' आम्हांस कितीतरी सरस वाटली. तीही २००० सालीच निघाली व बंदीत गेली. मैत्रिणीच्या आत्महत्येनंतर होंग शाळा सोडते आणि शेन्झेनला पळते. १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र ठरलेल्या या शहरात पैसा धावत आला. पण घरापासून तुटलेल्या पोरींना आधार देईल असे तेथे काही उभे राहिले नव्हते. सायनिंग या वादकावरील प्रेम, मद्य, मग हेरॉइन. लेखिका स्वतः या व्यसनातून गेलेली. तरीही होंगची ना ती कीव करते, ना तिची बढाई मारते. व्यसनाचे दिवस ती कोरडेपणाने सांगते, म्हणूनच ते अंगावर येतात.

येथे आम्हांस विभावरी शिरूरकर आठवतात. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले, तेव्हा कथांमधील कोंडमाऱ्यापेक्षा टोपणनावामागची बाई कोण, याचीच चर्चा अधिक रंगली. स्त्रीने कथेत 'मी' लिहिले की तो कबुलीजबाब समजावयाचा, ही खोड शांघायची तशी पुण्याचीही. पुरुष लेखकाच्या 'मी'ला आपण निवेदक म्हणतो.

मराठीत आणावयाची झाली तर 'कँडी' आधी आणावी. अनुवादकाने तिची भाषा मात्र सोज्वळ करू नये, आणि प्रकाशकाने वेष्टनावर 'बंदी घातलेली कादंबरी' असे छापू नये.