कुमारप्पांचे वर्गीकरण आणि यंत्रणेच्या मालकीचा प्रश्न

जे. सी. कुमारप्पा ह्यांच्या विचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा खादी व ग्रामोद्योग ह्यांच्या इतिहासाचा एक भाग म्हणून केली जाते. त्यामुळे त्यांच्या लेखनातील विवेचक अंगाकडे, म्हणजे आर्थिक व्यवहाराची जात ओळखण्याची जी कसोटी त्यांनी सिद्ध केली तिच्याकडे, अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. समाजाचे दैनंदिन व्यवहार मोजक्या तंत्रज्ञान-कंपन्यांच्या यंत्रणेवर विसंबू लागले असता ही कसोटी कितपत उपयोगी पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते हिंगणघाटच्या कापसाचे. कुमारप्पांची कर्मभूमी वर्धा, आणि हिंगणघाट त्याच जिल्ह्यातील. दुसऱ्याच्या हातातील यंत्रणेवर विसंबून राहणे म्हणजे काय, ह्याचा ह्या पेठेला दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

कुमारप्पा (१८९२–१९६०) हे शिक्षणाने सनदी हिशेबनीस. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले आणि मगनवाडी हे त्यांच्या प्रयोगांचे केंद्र बनले. ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा त्यांचा ग्रंथ १९४५ सालचा. बेचाळीसच्या आंदोलनानंतर भोगलेल्या जबलपूरच्या तुरुंगवासातील चिंतनाचे ते फळ होय. त्यात निसर्गातील दाखले घेऊन अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार सांगितले आहेत. आपल्या पोषणाचा आधारच नष्ट करणारी व्यवस्था ती परोपजीवी. वाघ हा तिचा दाखला. स्वतः काही न लावता फळे तेवढी नेणारी ती अपहारी. बागेत शिरणारे माकड तिचे उदाहरण. स्वकष्टाने घरटे विणणाऱ्या पक्ष्याची ती उद्यमी, स्वतःपुरता नव्हे तर सर्व पोळ्यासाठी मध गोळा करणाऱ्या मधमाशीची ती सामूहिक, आणि पिलांना चारा भरविणाऱ्या पक्षिणीची ती सेवामय. पहिलीकडून पाचवीकडे जाताना हिंसा कमी होते व टिकाऊपणा वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ह्या वर्गीकरणाचे बळ त्याच्या साधेपणात आहे. घेणारा किती घेतो व त्याबदली काय देतो, एवढाच हिशेब ते मागते. यंत्र मोठे की लहान, देशी की विदेशी, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरतात. कुमारप्पांना यंत्राचा द्वेष्टा ठरविणे ही त्यांच्यावरील अन्यायाची टीका होय. वीज, दळणवळण अशा काही गोष्टी केंद्रित पद्धतीनेच चालणार हे त्यांना मान्य होते. मात्र त्या नफ्यासाठी न चालविता लोकांच्या वतीने राज्यसंस्थेने चालवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

आता ही कसोटी हिंगणघाटास लावून पाहू. वर्धा खोऱ्यातील लांब धाग्याच्या ‘बनी’ कापसाला परदेशी बाजारात ‘हिंगणघाट’ ह्याच नावाने भाव मिळत असे. आगगाडीपूर्वी ह्या भागातील कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जाई. १८६१ ते १८६५ ह्या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा आटला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे मँचेस्टरची नजर वळली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. पुढच्या दशकात सरकारने वर्ध्याहून हिंगणघाट व वरोऱ्याकडे फाटा नेला. १८७० मध्ये मुंबई व लंडन ही शहरे समुद्री तारेने जोडली गेली. त्यानंतर हिंगणघाटच्या पेठेतील भाव लिव्हरपूलच्या भावाबरोबर हलू लागला.

ह्या यंत्रणेने सोय केली हे निःसंशय. परंतु तिच्या भागधारकांना १८४९ च्या करारान्वये पाच टक्के व्याजाची हमी होती आणि येणारी तूट रयतेच्या करांतून भरून निघत असे. शेतकऱ्याला अशी हमी कोणीही दिली नव्हती. युद्ध संपताच भाव कोसळले तेव्हा तो भार त्याने एकट्याने सोसला. ह्याहून दूरगामी परिणाम झाला तो पिकावर. बनीचा धागा लांब, परंतु उत्पन्न कमी व रुईचा उतारा बेताचा. ‘जरी’ हा आखूड व भरड कापूस अधिक पिके. गाठी बांधून ढिगाने माल पाठविणाऱ्या व्यापारात बनीच्या गुणाचे मोल उत्पन्नातील तूट भरून काढण्याइतके मिळेना. परिणामी विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जरीने बनीला मागे सारले आणि ज्या गुणामुळे हिंगणघाटचे नाव बाजारात झाले तो गुणच त्याच्या शेतांतून ओसरला. यंत्रणा केवळ माल वाहून नेत नाही. कोणता माल पिकावा हेही ती ठरविते, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा नियमनाचा. काट्यात मारणे, मनमानी दलाली कापणे, कपड्याखाली हात धरून भाव ठरविणे ह्या रीतींनी पेठेत शेतकरी नागवला जाई. वर्धा नदीपलीकडील वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजारासाठी समिती, दलाल व मापारी ह्यांना परवाने, ठरलेली वजने अशी त्याची रचना होती. मध्यप्रांतात कापूस बाजाराचा कायदा येण्यास १९३२ साल उजाडले. ह्या कायद्यांनी पेठ कोणाकडून काढून घेतली नाही. पेठेत ज्याला जाणे भागच आहे त्याला तेथील नियमांविषयी हक्क दिला, एवढेच केले. त्यांचे महत्त्व नेमके ह्यातच आहे.

कुमारप्पांनी सुचविलेल्या उपायाची, म्हणजे राज्यसंस्थेच्या मालकीची, परीक्षाही ह्याच पिकावर झाली. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि राज्यात शासन हाच एकमेव कायदेशीर ग्राहक उरला. पडत्या बाजारात तिने आधार दिला ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु चुकारे रखडू लागले आणि शेजारच्या राज्यांत भाव चढे असला की कापूस चोरून सीमेपार जाऊ लागला. मालक सार्वजनिक असला, तरी दुसरी वाट बंद असेल तर अवलंबन हे अवलंबनच राहते. ह्या शतकाच्या आरंभी ती मक्तेदारी शिथिल झाली.

ह्या पार्श्वभूमीवर आजच्या यंत्रणेकडे वळू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या भावाने विक्री करण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘कपास किसान’ हे मोबाइल ॲप आणले. नोंदणी, विक्रीचा दिवस ठरविणे व चुकाऱ्याचा मागोवा ही कामे त्यात योजिली आहेत. महामंडळ शासनाचे आहे आणि रांगा व मध्यस्थांचा उपद्रव कमी व्हावा हा हेतू रास्त आहे. तथापि बैलगाडी ज्या फाटकातून आत जाते त्याच्या अलीकडे आता आणखी एक फाटक उभे राहिले. ते ज्या स्मार्टफोनवर उघडते त्याची ऑपरेटिंग सिस्टिम गूगल किंवा ॲपल ह्या दोन कंपन्यांपैकी एकीची असते, आणि तेथे कोणते ॲप कोणत्या अटींवर ठेवावे हेही त्याच ठरवितात. ज्या शेतकऱ्याकडे असा फोन नाही किंवा ज्याची नोंदणी मुदतीत झाली नाही, त्याला मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला कापूस द्यावा लागतो. हमीभाव व बाजारभाव ह्यांतील अंतर हेच कित्येकदा त्याच्या वर्षाच्या कमाईचे अंतर असते.

हे अवलंबन कापसापुरते नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकी कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी ह्या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या ई-मेलसारख्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या प्रसंगी चूक कारणीभूत झाली, दुसऱ्या प्रसंगी परक्या भूमीवरील कायदा. दोहोंतही सेवा घेणाऱ्याचा अपराध येथील कायद्याने ठरलेला नव्हता. यूपीआयचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. २०१६ साली सुरू झालेला हा मार्ग बँकांनी मिळून उभारलेल्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचा आहे. तरीही २०२४ मध्ये त्यावरील चारपंचमांशाहून अधिक व्यवहार फोनपे व गूगल पे ह्या दोनच ॲपांतून होत होते. एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये असा नियम २०२० साली जाहीर झाला. त्याच्या अंमलाची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. रूळ सार्वजनिक आणि स्थानके खासगी, अशी ही रचना आहे.

ह्या कंपन्यांना कुमारप्पांच्या पाच प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसवावे? त्या वाघासारख्या नाहीत. ज्यांच्यावर त्या जगतात त्यांचा नाश त्यांना परवडणारा नाही. त्या माकडासारख्याही नाहीत. त्यांनी बाग लावली आहे आणि ती उत्तम लावली आहे. बाह्यरूप पाहिले तर त्यांचा मंच पोळ्यासारखा दिसतो. कोट्यवधी माणसे तेथे कण कण आणून टाकतात आणि सर्वांच्या येण्यामुळेच तो प्रत्येकाला उपयोगी होतो. म्हणून त्यांना सामूहिक म्हणावे, तर पोळ्याचा मालक पोळ्याबाहेर आहे. कुमारप्पांच्या वर्गीकरणातील उणीव येथे दिसून येते. त्यात मधमाशी आहे, मधपाळ नाही. मगनवाडीच्या ग्रामोद्योगांत मधुमक्षिकापालनाला स्थान असताना ही जागा रिकामी राहावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निसर्गातील दाखल्यांत मालक सापडत नाही, कारण मालकी ही निसर्गाची नव्हे, समाजाची निर्मिती आहे. व्यवहाराची जात वृत्तीवरून ठरविणाऱ्या पद्धतीच्या हातून हा प्रश्न निसटणे स्वाभाविक होते.

तथापि ही उणीव भरून काढण्याची सामग्री त्यांच्याच विचारात आहे. मधपाळ स्वतः मध करीत नाही, पण पेटी पुरवितो. तेव्हा त्याला लुटारू म्हणणे योग्य नाही. त्याची जात तीन प्रश्नांनी ठरते. माश्यांसाठी मध किती ठेवावयाचा हे कोण ठरवितो? दुसऱ्या पेटीत जाण्यास त्या मोकळ्या आहेत काय? आणि गेल्यास आपले साचविलेले त्यांना नेता येते काय? १८९७ च्या कायद्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर समितीकडे सोपविले. एकाधिकार योजना दुसऱ्यावर अडखळली. तिसरा प्रश्न आपल्या काळाचा आहे. कापसाची गाडी परत वळविता येत असे, परंतु ज्याची पत्रे, व्यवहार, छायाचित्रे व ग्राहक एका कंपनीच्या संगणकांत साठले आहेत त्याला ती वळविणे अवघड जाते.

कुमारप्पांचा ग्रंथ आज वाचावयाचा तो ह्या तीन प्रश्नांसह वाचावा. केवळ ‘लहान ते सुंदर’ अशा भावनेने त्याचा गौरव करणे सोपे आहे. त्याच्या कसोटीत मालकीचा प्रश्न घालून ती चालू व्यवहारावर चालविणे हे अभ्यासकाचे काम आहे. हिंगणघाटच्या पेठेत काट्यावर हक्क मिळावयास शेतकऱ्याला दोन पिढ्या लागल्या. नव्या काट्याचे नियम कोठे लिहिले जातात आणि ते बदलण्यासाठी त्याने कोणाच्या दारी जावे, ह्याचे उत्तर त्याला त्याहून लवकर मिळाले पाहिजे.