कॉलेजांचे इतिहास

आपल्याकडील कॉलेजांचे इतिहास बहुधा महोत्सवाच्या निमित्तानें लिहिले जातात. म्हणून त्यांत उत्सवाचा थाट असतो, इतिहास मात्र क्वचितच सांपडतो. प्रिन्सिपॉलांची नामावळी, इमारतींचे पायाभरणी-समारंभ, निकालांचे आंकडे, इतकें झालें कीं लेखक कृतकृत्य होतो.

परंतु कॉलेजाचा इतिहास बव्हंशीं त्याच्या भिंतींबाहेर घडत असतो. अमेरिकेंतलें विल्यम्स कॉलेज १७९३ सालचें. तेथील कांहीं विद्यार्थी १८०६ सालीं भर पावसांत गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेस बसले. त्या प्रसंगांतून उगम पावलेल्या चळवळीमुळें त्याच कॉलेजाचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस पोंचला. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हाच. हॉलच्या धर्ममतांशीं येथें कर्तव्य नाहीं. विद्यार्थी कोठवर गेले व तेथें त्यांनीं काय केलें, यावरून कॉलेजाचें माप घ्यावें, एवढेंच म्हणणें आहे.

हें माप आपल्या घरीं लावून पाहूं. फर्ग्युसन कॉलेज १८८५ सालीं निघालें. १८९० सालीं टिळकांनीं संस्थेचा राजीनामा दिला. असे मतभेद झांकण्याजोगे नव्हेत; ध्येयाचा कस त्यांतच लागतो. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा १८८० ते १९३५ पर्यंतचा लिमयेकृत इतिहास इंग्रजींत निघाला, हें आम्हांस खटकतें. ज्या संस्थेचें मूळ निबंधमालाकार चिपळूणकरांच्या शाळेंत, तिची कथा मराठी वाचकानें परभाषेंतून वाचावी काय?

हिंगोलीकरांस हा प्रश्न अधिकच झोंबावा. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राज्यांत होता. १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठानें उर्दू या देशी भाषेस उच्च शिक्षणाचें माध्यम केलें, हा त्याचा गौरव खराच. परंतु मराठी मुलास तीही शिकूनच घ्यावी लागे. पुढें १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. त्याच सालीं औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचें, मागाहून मिलिंद या नांवानें गाजलेलें कॉलेज निघालें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ झालें. ज्यांच्या घराण्यांत पूर्वीं कोणास अक्षरओळख नव्हती, असे तरुण या वर्गांत बसले. ते कसे आले, काय खाऊन शिकले, पुढें काय झाले, ही कथा सनावळींत मावणारी नव्हे.

हिंगोली १९९९ सालीं परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. येथील कॉलेजांनींही आपले इतिहास लिहावे. मात्र स्मरणिकेचीं पानें भरण्यासाठीं नव्हे. जुन्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, शिपायांनाही गांठून त्यांचें बोलणें मराठींत उतरून घ्यावें. दिवाणखान्यांतलीं तैलचित्रें पुढेंही राहतील. हीं माणसें राहणार नाहींत.