दामिनी आणि शेवटचे दोन किलोमीटर

दुर्गम आणि खडतर प्रदेशातील संदेशवहन असा विषय निघाला की आमच्या व्यवसायबंधूंच्या डोळ्यांपुढे अंटार्क्टिकावरचे मैत्री केंद्र येते, नाहीतर भर समुद्रातले जहाज. तेथे जिंतूरचे नाव कोणी घेत नाही. गावात एस. टी. चे आगार आहे, बँका आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत. मग दुर्गम कसले? पण मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास जिंतूरच्या डोंगराकडच्या माळावर शेळ्या राखणारा मुलगा घ्या, किंवा ऑक्टोबरात सोयाबीन काढणाऱ्या बायांची टोळी घ्या. आभाळ भरून आल्यावर पुढचा अर्धा तास ही माणसे ज्या परिस्थितीत असतात, ती कोणत्याही व्याख्येने दुर्गम आणि खडतरच म्हटली पाहिजे. २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे.

या माणसांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे. त्याचे गुणदोष येथे पाहायचे आहेत.

आधी गुण, कारण ते खरोखरच मोठे आहेत. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओलहरींचाही एक ठोसा सर्व दिशांना जातो. देशभर बसविलेले संवेदक तो टिपतात. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. म्हणजे तीनशे किलोमीटर दूरच्या संवेदकापर्यंत त्या एक सहस्रांश सेकंदात पोचतात. निरनिराळ्या संवेदकांवर त्या पोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरक मोजला की वीज कोठे पडली ते गणिताने काढता येते. दहावीच्या वर्गाला नकाशावर करून दाखवावे इतके हे तत्त्व स्वच्छ आहे. त्याचा वंशही जुना आहे. रशियात पोपोव्ह यांनी १८९५ साली दाखविलेला ग्राहक दूरच्या विजा टिपण्यासाठीच वापरला गेला. रेडिओचा एक पूर्वज असा वीजशोधकच होता. परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर ऐकलेल्या जुन्या श्रोत्यांना वळवाच्या दिवसांतली ती खरखर आठवत असेल. ती करणारी वीज बहुधा दूर कोठे तरी चमकत असे.

आकाशापासून पुण्यातील संगणकापर्यंतचा हा भाग आम्हांला निर्दोष वाटतो. आमची तक्रार त्याच्या पुढे सुरू होते.

पहिली तक्रार भाषेची. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी वर्तमानपत्रांतून सूचना येतात, आणि त्यांत ‘वीज पडण्याच्या १५ मिनिटे आधी ॲपवर कळते’ अशा अर्थाचे वाक्य असते. हे वाक्य वाचून साधा माणूस काय समजेल? की माझ्या बांधावर वीज पडणार असेल तर फोन मला सांगेल, आणि फोन गप्प असेल तर धोका नाही. हे दोन्ही चूक आहे. नेमकी कोणती वीज कोठे पडणार हे आज जगातले कोणतेही यंत्र आधी सांगू शकत नाही. संवेदक सांगतात ते पडून गेलेल्या विजांविषयी. त्यावरून वादळ कोठे आहे आणि कोणीकडे सरकत आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि तुमच्याभोवती २० किंवा ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडत असल्यास ॲप तसे कळवते. २० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ होते सुमारे १,२५६ चौरस किलोमीटर. जिंतूर मध्याशी धरले तर येलदरीचे धरणही त्यात आले. येलदरीवर विजा चमकल्या म्हणून जिंतूरच्या दुसऱ्या अंगाला खुरपणारी बाई काम टाकून निघाली, आणि तिच्याकडे थेंबही पडला नाही, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा ती उठणार नाही. रोज बुडतो तो तिचा. उलट ढग डोक्यावरच तयार झाला, तर पहिली वीज इशाऱ्यावाचूनही येऊ शकते.

दुसरी तक्रार साखळीची आहे आणि आमच्या मते ती जास्त गंभीर आहे. पुण्याहून निघालेला इशारा इंटरनेटवरून मनोऱ्यापर्यंत, मनोऱ्यावरून फोनपर्यंत आणि फोनवरून माणसापर्यंत जायचा. फोन स्मार्ट हवा, त्यात ॲप हवे, डेटा हवा, जीपीएस चालू हवे, बॅटरी हवी. उदाहरणादाखल पाच कड्या धरा आणि प्रत्येक कडी शंभरांत नव्वद वेळा टिकते असे माना. ०.९ चा पाचवा घात येतो ०.५९. प्रत्येक कडी चांगली असूनही शंभरांतले एकेचाळीस इशारे वाटेतच गळाले. बरे, या हिशेबात कड्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या आहेत, आणि तशा त्या नाहीत. वादळ आले की आधी महावितरणची लाइन जाते, मग बॅटरी संपली की मनोरा मुका होतो, आणि एका टेकडीवरच्या मनोऱ्यावरून पुढच्या मनोऱ्याला जोडणी असेल तर तोही त्याच्याबरोबर जातो. ज्या कारणाने इशाऱ्याची गरज पडते त्याच कारणाने इशाऱ्याची वाट बंद होते. ध्रुवप्रदेशात यंत्रे मांडणारा अभियंता सर्वांत आधी हाच प्रश्न विचारतो, म्हणून तेथे एकमेकांवर न विसंबणाऱ्या दोन वाटा ठेवण्याचा आग्रह असतो.

दुसरी वाट आपल्याकडे नाही असे नाही. २०२३ साली देशभर अनेकांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते, ते ‘सेल ब्रॉडकास्ट’चे परीक्षण होते. एसएमएस हा पोस्टकार्डासारखा. एकेका नंबरला जातो, आणि गर्दी झाली की रांगेत अडकतो. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. मनोरा एकदाच हाक देतो आणि त्याच्या टापूतला, ही सोय असलेला प्रत्येक फोन ती ऐकतो. ॲप नको, डेटा नको, नंबर माहीत असण्याची गरज नाही. विजेच्या इशाऱ्याला दवंडीच योग्य. पण दवंडीलाही मनोरा जिवंत लागतो, आणि फोन जवळ लागतो. तो तर बहुधा घरी, नाहीतर धन्याच्या खिशात.

समजा इशारा पोचला. १५ मिनिटे हातात आहेत. जायचे कोठे? झाडाखाली नाही, उघड्या आखाड्यात नाही, पत्र्याच्या छपराखाली नाही. पक्के घर हवे, किंवा बंद जीप, एस. टी. ची बस. असे घर दोन किलोमीटरवर असेल आणि माणूस तासाला पाच किलोमीटर चालत असेल, तर २४ मिनिटे लागतात. म्हणजे इशारा वेळेवर मिळूनही माणूस वाटेत, उघड्यावर, उभा पिकाच्या वर डोके काढून चाललेला असतो. संस्थेच्या संगणकात हा इशारा यशस्वी म्हणून जमा होईल.

या हिशेबात मनोऱ्यावाचून चालणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गडगडाट. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे (३४० मीटर गुणिले ३०), म्हणजे निघायलाच हवे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आकडे मोजता येणारे शेळ्यांमागचे पोरही हे करू शकते. ॲप डाउनलोड करा असे सांगणाऱ्या सूचनांमध्ये हा नियम पहिल्या ओळीत असायला हवा.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. आपल्या शिवाराचा नकाशा घ्यावा, पक्की घरे, शाळा, मंदिरे त्यावर मांडावीत, आणि प्रत्येकाभोवती १५ मिनिटांत चालता येईल तेवढे, म्हणजे सव्वा किलोमीटरचे वर्तुळ काढावे. कोणत्याही वर्तुळात न येणारी जमीन पेन्सिलने काळी करावी. दामिनीच्या पडद्यावर ती जमीन इतरांसारखीच दिसते.